तिसखेड्याची गाडी

ती. आई आणि ती. बाबा यांस,
सा. न. वि. वि.

मागच्या आठवड्यात आई वहिनीला फोनवर म्हणाली म्हणे, "मुलं लहान होती गं, त्यांना कुठलं काय कळतंय! ती आपली पलंगाखाली खेळत बसायची." वहिनीने ते पिंट्याला सांगितलं, पिंट्याने मला. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय. फोनवर हे बोलणं जमायचं नाही. आई मध्येच रडायला लागेल आणि बाबा फोन तिच्या हातात देऊन अंगणात निघून जातील.

आई, आम्ही खेळायचो हे खरं. काय खेळायचो ते तुला कधी सांगितलं नाही, कारण मोठ्यांना कळलं की गाडी बंद होणार असा नियम होता.

भुसावळहून खांडव्याच्या अंगाला निघालं की तापीचा पूल, मग दुसखेडा, मग सावदा. पिंट्याचं म्हणणं, दुसखेडा आहे म्हणजे तिसखेडा असणारच, वेळापत्रकात छापायचा राहिलाय एवढंच. तिथली गाडी फक्त रात्रीची. सिग्नल म्हणजे बाबांच्या चपलांचा आवाज. चपला नेहमीसारख्या वाजल्या तर गाडी रद्द, आपण गपचूप झोपायचं. एक पाय घासत आला की गाडी सुटायची. कडी वाजायच्या आत आम्ही पलंगाखाली आणि गोधडी खाली सोडलेली. तेव्हा पुठ्ठ्याची तिकिटं असायची; प्लॅटफॉर्मवर लोकांनी टाकलेली आम्ही गोळा करून बुटाच्या खोक्यात ठेवली होती. मी तारेने भोक पाडायचे, पिंट्या हिरवी बॅटरी दाखवायचा. ती बॅटरी तुमचीच, बाबा. हरवली म्हणून तुम्ही अख्खं क्वार्टर उलटंपालटं केलं होतं.

तिसखेड्यात भर मे महिन्यात पाऊस पडायचा. स्टेशनमास्तर एक बोकड होता, टोपी घालणारा, आणि तो कुणालाच बापाचं नाव विचारायचा नाही. तिथे कुणी ओरडायला लागलं की तोंडातून आवाज न येता नुसती वाफ यायची. फेकलेलं ताट जमिनीला लागायच्या आत पारवा होऊन उडून जायचं. हा नियम मी कधी केला ते तुम्हाला दोघांनाही आठवत असेल. स्टीलचं ताट फरशीवर पडलं की लगेच गप्प होत नाही. कडेवर गोल गोल फिरतं, आवाज बारीक आणि जलद होत जातो, मग एकदम थांबतं. ते थांबेपर्यंत पिंट्या श्वास घ्यायचा नाही. मी त्याच्या कानात म्हणायचे, "उडालं बघ." मग तो श्वास सोडायचा.

तेव्हा कळत नव्हतं असं नाही, आई. कळत होतं म्हणूनच गाडी काढावी लागायची. पगाराच्या दिवशी तू शेडच्या फाटकावर का उभी राहायचीस, "बाबांना बरं नाही" म्हणजे काय, मामाने येणं का सोडलं, सगळं माहीत होतं. शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायला रात्री साडेदहाला का येतात, तेही.

एक गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच नसेल. बाबांनी पहिल्यांदा घरीच, कुणालाही न विचारता, एकदम दारू तोडली होती. तिसऱ्या दिवशी त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले आणि भिंतीवरून मुंग्यांची रांग चाललीय म्हणून ते हाताने झटकायला लागले. भिंत कोरी होती. तू डॉक्टरांना आणायला धावलीस. रोज भरपूर पिणाऱ्याने अशी अचानक सोडली की दोन-तीन दिवसांत असं होऊ शकतं, त्यात जीवही जाऊ शकतो, म्हणून हे दवाखान्यात करायचं असतं, हे मला फार पुढे समजलं. पिंट्याला त्या दिवशी वेगळंच समजलं. नसलेलं दिसतंय म्हणजे बाबांना तिसखेडा सापडला! त्याने तिकिटांचं खोकं उचललं आणि मागच्या गटारात रिकामं केलं. त्यानंतर तो गाडीत बसला नाही. मी एकटीच जात राहिले, आणि तो पलंगावर उघड्या डोळ्यांनी पडून राहायचा.

बाबा, पुढचं तुम्ही केलंत आणि ते सोपं नव्हतं. पुण्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात राहिलात, आल्यावर एकदा स्लिप झालात, तरी परत उठलात, दारू सोडणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' गटाच्या मीटिंगा धरल्यात. मला त्याचा अभिमान आहे. राग पूर्ण गेलाय असं मात्र लिहीत नाही, कारण तसं नाहीये. तुमच्या गटाच्या त्या बारा पायऱ्या मी वाचल्यात. आठव्या पायरीत, आपण ज्यांना ज्यांना दुखावलं त्यांची यादी करायची. नवव्या पायरीत, जिथे शक्य असेल तिथे प्रत्यक्ष भेटून भरपाई करायची, फक्त त्याने समोरच्याला किंवा आणखी कुणाला इजा होणार नसेल तर. तुम्ही मामाचे पैसे फेडलेत, आईची माफी मागितलीत. आमची नावं यादीत आली नाहीत. "पोरांना काही कळलं नाही" हे घरात इतक्यांदा बोललं गेलं की तुम्हालाही ते खरं वाटलं असणार. मागताय कशाची माफी, गुन्हाच घडलेला नाही!

अशा घरातल्या मुलांसाठीही गट असतात. अमेरिकेत अलाटीन नावाने १९५७ पासून आहेत. भुसावळच्या रेल्वे कॉलनीत आम्हाला कोण सांगणार? आमच्या गटात सभासद दोन, अध्यक्ष बोकड.

आता मुद्द्याचं. पिंट्या सकाळच्या गाडीने येतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो, म्हणून आई वहिनीला बोल लावते. "सुनेने तोडलं." आई, हे साफ चूक आहे. तिचा यात काडीचा संबंध नाही. क्वार्टर सोडलं, तुम्ही स्वतःचं घर बांधलंत, बाबा इतकी वर्षं सोबर आहेत. पण गुडघा दुखतो म्हणून बाबा आता पुन्हा एक पाय घासत चालतात. रात्री ते पाणी प्यायला उठले की पिंट्या ताडकन उठून बसतो. दोन दिवाळ्यांपूर्वी मी ते पाहिलं. चाळिशीचा माणूस, अंथरुणात बसलेला, आणि हाताने गोधडी चाचपतोय. त्याला राहायचा आग्रह करू नका. दिवसा येतो ते भरपूर आहे.

आणि बाबा, तुम्ही त्याला एक पत्र लिहा. फोन नको, फोनवर तो "जाऊ द्या हो बाबा" म्हणून मोकळा होईल. दारू म्हणजे कसा आजार आहे हे त्यात लिहू नका, ते त्याला पाठ आहे. ताटाबद्दल लिहा. आणि जमलं तर पुलाबद्दलही. न प्यायलेल्या रविवारी तुम्ही आम्हाला यार्डावरच्या पुलावर न्यायचात, नुसत्या हॉर्नवरून इंजिन ओळखायला शिकवायचात, दुसखेडा-सावदा-निंभोरा-रावेर म्हणायला लावायचात. ते शिकवलं नसतंत तर आम्हाला पळायला तिसखेडा कुठून मिळाला असता? हे मी पिंट्याला एकदा सांगून पाहिलं. तो काही बोलला नाही, पण त्याने उठून जायचंही टाळलं.

वहिनीला यातलं काही बोलू नकोस, आई. पिंट्याला सांगायचं तेव्हा तो सांगेल. पापड मिळाले, दोन-चार तुटलेत. बाबांच्या गुडघ्याचा एक्सरे काढून घे, नुसतं तेल चोळून भागणार नाही. पैसे पाठवते, नको म्हणू नका.

तुमची,
सुमी