साठ रुपये

चि. बाळ्या यास,
अनेक आशीर्वाद.

खोकं आधी उघडू नकोस म्हणून उपयोग नाही, तू उघडलंच असशील. जोड बाजूला ठेव आणि हे वाच. पत्र लिहायची सवय गेली माझी. शेवटचं लिहिलं ते तुझ्या आज्जीला, मनिऑर्डरच्या फॉर्मवर खाली चार ओळींची जागा असायची, तेवढंच. फोन केला असता, पण फोनवर तू ‘हो’, ‘बरंय’, ‘जेवलो’ यातच मला गुंडाळतोस. आणि समोर बसून हे माझ्या तोंडून निघणार नाही, ते तुलाही माहीत आहे.

जूनमधल्या त्या मंगळवारचं सांगतोय. पाऊस नुकताच थांबला होता, परळ स्टेशनला सहा-सव्वासहाची गर्दी. स्टॉलवर तीन गिऱ्हाइकं. मी मान खाली घालून एका बाईच्या सँडलचा पट्टा शिवत होतो. तेवढ्यात फरशीवर खिळा वाजत आला. टक, मग जरा दबका, परत टक. मी माणूस आधी खालून बघतो, धंदाच तसा. काळी सँडल, ब्लॉक हिल, अडीच इंच, वरचं रेक्झिन बरं होतं, उजव्या टाचेखालचं रबर गेलेलं. आणि टाच बाहेरच्या कडेने झिजलेली, तिरकी, मागच्या कोपऱ्यात जास्त. अशी झीज मी एकाच माणसाची बघितलीय. पहिलीपासून दहावीपर्यंत दर सहा महिन्यांनी शाळेच्या बुटाला.

म्हणजे तोंड बघायच्या आधीच मी तुला ओळखलं होतं.

तू म्हणालास, “रबर बसवायचंय.” पप्पा म्हणाला नाहीस. आजूबाजूला लोक होते म्हणून तू मला वाट काढून दिलीस, आणि मी त्या वाटेने निघून गेलो. म्हणालो, “दोन्ही बदलावी लागतील. साठ रुपये.” तू वर्तमानपत्रावर पाय ठेवून उभा राहिलास. मी पकडीने जुनं रबर ओढलं, कानशीने टाच घासली, सोल्युशन लावलं. सोल्युशन सुकायला दहा मिनिटं जातात. तीस वर्षांत ती दहा मिनिटं मला कधी लांब वाटली नव्हती. स्टुलावरचा माणूस तुझ्या पायांकडे बघून म्हणाला, “काय दिवस आलेत.” मी मान हलवली, हो म्हणून. मग ऐरणीवर धरून चार खिळे मारले, रापीने कड कापली, तुझ्यापुढे ठेवली. तू पन्नासची नोट आणि दहाचं नाणं दिलंस, आणि मी ते घेतलं.

तुला कदाचित वाटलं असेल, पप्पांना माझ्या हिलची लाज वाटली. वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या रात्री झोप गेली ती वेगळ्याच गोष्टीने. तो स्टुलावरचा माणूस आपला नेहमीचा. मार्च महिन्यात मीच त्याच्या ऑफिसच्या बुटात आतून एक इंचाचा कॉर्क बसवून दिला होता. वर पातळ अस्तर, बाहेरून कळायला नको. असे माझ्याकडे किती येतात माहीत आहे? लग्नाच्या हंगामात तर रांग लागते. नवरी दोन बोटं उंच असली की नवरदेव भाऊबंदांना चुकवून एकटा येतो, बूट पिशवीतून काढतो आणि हळू आवाजात विचारतो, “काका, आतून काही करता येईल का?” येतं की. आतून टाच उचलतो मी त्यांची. एकदा एक पोरगा पोलीस भरतीसाठी आला होता. त्याला म्हटलं, बाबा रे, तिथे अनवाणी मोजतात, पैसे वाया घालवू नकोस.

म्हणजे हिल घालणारे पुरुष मी रोज बघतो. फक्त ते बुटाच्या आत घालतात. तू बाहेरून घातलीस आणि रबर गेलं तर सरळ रस्त्याने चालत मोच्याकडे आलास. मान खाली घालायची वेळ त्या टोळक्यात कोणाची होती, ते मला रात्री दोन वाजता कळलं. अक्कल नेहमी उशिराच येते.

डिसेंबरात तुझ्या हिलवरून घरात जे झालं, त्यात तू घोडेस्वारांचं काहीतरी सांगत होतास आणि मी ऐकून घेतलं नाही. नंतर तुझ्या आईच्या फोनवर तू पाठवलेलं सगळं तिने मला वाचून दाखवलं. इराणचे घोडेस्वार टाचेचे बूट घालायचे, पाय रिकिबीत टिकून राहावा म्हणून. हे वाचल्यावर मला हसूच आलं, कारण हे मला कोणी सांगायला नको होतं. महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरच्या तबेल्यातले बूट माझ्याकडे दुरुस्तीला येतात. त्यांना अजून टाच असते. टाच नसेल तर पाय रिकिबीतून पुढे सरकतो आणि माणूस पडला तर घोडा त्याला फरफटत नेतो. टाच ही अशी कामाची वस्तू. मग 1600 नंतर युरोपातल्या सरदारांनी ती शोभेसाठी उचलली. ज्याला चिखल तुडवायचा नाही, नांगर धरायचा नाही, त्यालाच ती परवडणार. तिथल्या बायकांनीही मग पुरुषांचं बघून टाच घेतली. फ्रान्सच्या चौदाव्या लुईचं ते 1701 मधलं चित्र तू पाठवलंस ना, पांढरे मोजे, पाय पुढे टाकलेला आणि टाच लालभडक. तुझी आई म्हणाली, “अगं बाई, याची तर माझ्या लग्नातल्या सँडलपेक्षा भारी.” मी चष्मा लावून फक्त टाच बघितली. मागे किंचित वळण आहे, बसवणाऱ्याचा हात चांगला होता.

पुढे पुरुषांनी ती सोडून दिली आणि बायकांच्या गळ्यात, म्हणजे पायात, राहिली. पेन्सिल हिल तर अगदी अलीकडची, 1950 नंतरची. लाकडाची एवढी बारीक टाच वजनाने मोडते. आत लोखंडी सळई घालायचं जमलं तेव्हा ती उभी राहिली. लोकांना वाटतं हे जगाच्या आरंभापासून असंच चालत आलंय. अरे, आपल्याकडचे साधू खडावा घालून चालायचे. खाली दोन लाकडी ठोकळे, वर अंगठ्यात धरायची खुंटी. घालून दाखव म्हणावं कोणी दहा पावलं. आणि गावाकडचे बाप्ये कोल्हापुरी मुद्दाम करकर वाजणारी मागायचे, ती कशासाठी? आपण येतोय ते चार घरं आधी कळावं म्हणून! तुझ्या टकटकीने मात्र चाळीचे कान दुखतात.

चाळीवरून काका आठवले. डिसेंबरात सगळ्यात जास्त आवाज त्यांचाच होता. तुला ‘नाच्या’ म्हणाले आणि मी गप्प बसलो. गणपतीत ट्रंक आवरताना त्यांच्या लग्नाचा अल्बम निघाला, 1976 चा. बेलबॉटम, मोठी कॉलर, आणि बेलबॉटमच्या खालून डोकावणारा प्लॅटफॉर्म. पुढे दीड इंच, मागे पुरता तीन इंच. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, पण तो जोड मला पक्का आठवतो, कारण आपल्या आजोबांनीच तो केला होता. कॉर्कचे थर चिकटवून घासताना घरभर भुसा उडालेला. काकू काकांपेक्षा उंच, म्हणून सगळा खटाटोप. त्या वर्षी लालबागेतली निम्मी पोरं तसलेच बूट घालून विसर्जनाला नाचली. त्यांच्या बापांनी काही म्हटलं नाही, त्यांना गिरणीच्या पाळीची चिंता होती.

फोटो मी काकांपुढे ठेवला. त्यांनी बराच वेळ बघितला, मग म्हणाले, “तेव्हा फॅशन होती.” बरं. दशावताराला दामोदर हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसून स्त्रीपार्टीला, म्हणजे बाईचं काम करणाऱ्या नटाला, बक्षीस द्यायचे तेही हेच. मी फार वाद घातला नाही. वय झालंय त्यांचं, बीपी आहे. पण फोटो अल्बममध्ये परत ठेवला नाही, भिंतीवर लावलाय.

तुझ्या आईने मात्र एवढ्या महिन्यांत एकच प्रश्न विचारला, “पाय दुखत नाहीत का रे त्याचे?” जर्मनीतला तो अमेरिकन इंजिनिअर, मार्क ब्रायन, हिल घालून ऑफिसला जातो, त्याचा फोटोही तिने बघितला आणि तेच विचारलं. तू अंधेरीला अकाउंट्सच्या टेबलावर बसतोस, दिवसभर कोणाला पाय दिसत नाहीत, मग कशाला, असं मी म्हणालो होतो. तू म्हणालास, “मला चालताना बरं वाटतं, एवढंच.” मला ते उत्तर तेव्हा अपुरं वाटलं होतं. पण नवा जोड पायात घालून गिऱ्हाईक स्टॉलपुढे चार पावलं चालून बघतं, तेव्हा त्याच्या तोंडावर जे येतं ते मी तीस वर्षं बघतोय. तिथे मी कधी कारण विचारलं नाही.

आता जोडाचं ऐक. बायकांचे फर्मे, म्हणजे ज्यावर जोड चढवून बनवतात ते पायाचे साचे, बाजारात 41 पर्यंत सहज मिळतात. तुझा पाय 43, आणि पुढून रुंद. म्हणूनच तुझी ती काळी सँडल करंगळीला चावत होती. तू काही बोलला नाहीस, पण पट्ट्यावर आतून डाग होता. पुरुषांचा फर्मा घेऊन भागत नाही, टाचेचा उठाव फर्म्यातच असावा लागतो. दोन रविवार कुर्ल्याच्या ठक्करबाप्पा कॉलनीत हिंडलो. शेवटी एका कारागिराकडे मोठ्या मापाचा मिळाला. नाटकवाल्यांसाठी आणि नाचाच्या ग्रुपमधल्या पोरांसाठी करतो म्हणाला. त्याने विचारलं, “कुणासाठी?” मी म्हणालो, “मुलासाठी.” त्याने फर्मा पुसून हातात दिला. बाकी काही नाही.

माप तुझ्या मोरीपाशी राहिलेल्या स्लिपरवरून घेतलं. तिच्यात तुझा पाय पुरा उमटलाय. डावा अंगठा जास्त दाबतो, म्हणून डाव्या जोडात तिथे एक पातळ थर जादा टाकलाय. टाच तीन इंच मागितली असतीस, मी अडीचच दिली. रोज घालायची तर एवढीच बरी, टाच जेवढी उंच तेवढं सगळं वजन पुढच्या चवड्यावर येतं. रुंद ठेवलीय, तुझं वजन पेन्सिलवर तोलायचं नाही. टाच आणि चवडा यांच्या मधल्या भागात पोलादी पत्ती आहे. बाजारातून घेशील तेव्हा सँडलचं नाक आणि टाच धरून दाबून बघत जा. मधे कमरेत वाकली तर आत पुठ्ठा आहे, ठेवून दे, कितीही चमकत असो.

पहिले चार दिवस घरातच चाल. पाऊल छोटं टाक. पेव्हर ब्लॉकच्या फटी आणि गटाराची जाळी चुकवून चाल, माझा निम्मा धंदा त्या जाळ्यांवर चालतो. रात्री पायरीच्या कडेला चवडे ठेवून टाचा खाली सोडत जा, नाहीतर पोटरीची शीर आखडते.

आणि पूल. गर्दीच्या वेळी पुलावर चढायच्या आधी ही काढायची आणि पिशवीतली साधी चप्पल घालायची. कोणी काय म्हणेल म्हणून सांगत नाही. 2017 ला दसऱ्याच्या आदल्या दिवशी एल्फिन्स्टनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली, 23 माणसं गेली, तू तेव्हा कॉलेजात होतास. मी तिथून शंभर पावलांवर होतो. नंतर पायऱ्यांवर चपलांचा खच पडला होता. त्यात मी दुरुस्त केलेले दोन जोड मला ओळखू आले. तेव्हापासून पाऊस आणि गर्दी एकत्र आली की मी प्रत्येकाच्या पायाकडे बघतो. एवढं माझं ऐकायचं.

रविवारी येणार असशील तर आई बांगडे आणणार आहे. येताना घालून आलास तरी चालेल. जिना धड आहे, कठड्याचा एक गज निखळलाय तेवढा सांभाळ. काका घरात असतील.

तुझी ती पन्नासची नोट आणि दहाचं नाणं मी गल्ल्यात टाकलं नव्हतं, रोहिदास महाराजांच्या फोटोमागे ठेवलं होतं. त्याचं रबर आणलं. या जोडाच्या टाचेखाली तेच आहे.

तुझे पप्पा