लिओनबर्गला एकदा उतर

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू सहज म्हणालास, की तिथे जर्मनीत तुझ्या एस-सिक्स लोकलवर शेवटचं स्टेशन म्हणून ‘वाइल डेर श्टाट’ अशी पाटी असते. अरे, ते खगोलशास्त्रज्ञ केप्लरचं जन्मगाव! आणि त्याच मार्गावर थोडं अलीकडे लिओनबर्ग लागतं. त्याची आई कातरिना तिथे राहायची. रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून सकाळी उठून हे पत्र लिहायला घेतलं.

ग्रह लंबवर्तुळात फिरतात हे तू शाळेत पाठ केलंस. ते केप्लरला कसं सापडलं, ते ऐक. टायको ब्राहे या डॅनिश खगोलशास्त्रज्ञाने दुर्बिणीशिवाय, नुसत्या डोळ्यांनी मंगळाच्या नोंदी करून ठेवल्या होत्या. केप्लरने वर्तुळ धरून मांडलेलं गणित त्या नोंदींशी जवळजवळ जुळत होतं. फरक पडत होता फक्त ८ कलांचा. आपल्या पंचांगात अंश-कला असतात ना, त्याच कला. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा जेमतेम चौथा भाग. दुसऱ्या कुणी नोंदीतली चूक म्हणून सोडून दिलं असतं. टायको एवढा चुकणार नाही, असं केप्लरचं म्हणणं. म्हणून त्याने नोंद खरी धरली आणि दोन हजार वर्षं पूज्य मानलेलं वर्तुळ सोडलं. १६०९ साली ते छापून आलं.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १६१५ मध्ये, लिओनबर्गच्या एका बाईने बोभाटा केला की कातरिनाने दिलेलं पेय प्यायल्यापासून आपण आजारी आहोत, म्हातारी चेटकीण आहे. घरच्यांनी उलट अब्रुनुकसानीचा दावा लावला. तो रेंगाळला, आणि तेवढ्यात गावातल्या प्रत्येकाला आपापलं जुनं दुखणं आठवलं. मास्तरचा पाय लुळा पडला तो तिच्यामुळे, एका पोरीचा हात दुखला तोही तिच्यामुळे. ऑगस्ट १६२० मध्ये तिला पकडून बेड्या घातल्या. वय सत्तरीच्या पुढे. चौदा महिने ती कैदेत होती.

केप्लर तेव्हा बादशहाचा गणिती होता. ऑस्ट्रियातल्या लिन्झमधलं काम बाजूला ठेवून तो आला आणि आईच्या शेजारी उभा राहिला. ‘कैदी, दुर्दैवाने, आपला मुलगा गणिती योहान केप्लर याच्यासह हजर,’ अशा अर्थाची नोंद तिथल्या कारकुनाने केली आहे. मी ३१ वर्षं कोर्टात लिपिक होते. त्या ‘दुर्दैवाने’चा अर्थ मला नीट कळतो. आता प्रत्येक ओळीला प्रश्न विचारला जाणार होता.

आणि त्याने तेच केलं. सव्वाशेहून जास्त पानांचा लेखी बचाव दिला. दुखणं नेमकं कधी सुरू झालं? त्याला दुसरं साधं कारण असू शकतं का? या साक्षीदाराचा आधीचा जबाब आताच्या जबाबाशी जुळतो का? चेटूक नसतंच, असं त्याने कुठेही म्हटलं नाही. तो स्वतः पत्रिका मांडत असे. पण मंगळाच्या नोंदी तपासणाऱ्या माणसाने साक्षीही तशाच तपासल्या. शेवटी न्यायालयाने म्हातारीला छळाची हत्यारं दाखवून कबुली काढायचा प्रयत्न केला. ती बधली नाही. ऑक्टोबर १६२१ मध्ये सुटली आणि सहा महिन्यांत गेली.

ओंकार, पुस्तकांत ‘विज्ञानाने युरोप बदलला’ असं एका वाक्यात लिहिलेलं असतं. मला ते वाक्य पटत नाही. आकाशातलं वर्तुळ मोडलं तरी राजाज्ञा तिथल्या तिथेच होती. चेटकीण ठरवून मारलेल्यांचा आकडा सुमारे ४० ते ६० हजार सांगतात, आणि त्यातले कितीतरी जण केप्लरचा ग्रंथ छापून झाल्यावर मेले आहेत. तपासण्याची ती सवय कोर्टाच्या कागदात उतरायला आणखी शंभर वर्षं लागली. मला त्यातला क्रिस्टियान टोमासियुस फार आवडतो. जर्मनीतल्या हाले गावच्या विद्यापीठात तो कायद्याचा प्राध्यापक होता. तेव्हा अवघड खटले मत मागायला विद्यापीठाकडे पाठवत. १६९४ मध्ये अशाच एका चेटकिणीच्या खटल्यात त्याने छळाच्या बाजूने मत दिलं. सहकाऱ्यांनी ते खोडून काढलं. तो ओशाळला, पुन्हा वाचायला बसला आणि १७०१ मध्ये या खटल्यांच्या मुळावरच घाव घालणारा प्रबंध लिहिला. १७१४ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने हुकूम काढला की अशा खटल्यातली छळाची आणि मृत्यूची प्रत्येक शिक्षा आधी माझ्यापुढे आली पाहिजे. १७४० मध्ये त्याच्या मुलाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, गादीवर येताच काही गुन्हे वगळून छळच बंद केला. हे राजे काही संत नव्हते. दुसरा फ्रेडरिक त्याच वर्षी सैन्य घेऊन शेजारच्या ऑस्ट्रियाच्या सायलेशिया प्रांतात घुसला. तरीही तो कागद मला मोठा वाटतो.

का, ते सांगते. तू चौथीत असशील. एका पाड्यावरची म्हातारी जबाब द्यायला आली होती. गावाने तिला भुताळी ठरवून मारलं होतं. पुतण्याचं मूल तापाने गेलं, एवढंच कारण. तिच्याबरोबर कुणीही नव्हतं. ती हळू बोलत होती आणि मी भरभर लिहीत होते, कारण बाहेर अजून अकरा जण थांबले होते. मूल नेमकं कधी आजारी पडलं, ते कुणीच विचारलं नाही. मीही नाही. २०१३ मध्ये दाभोलकरांचा खून झाला, त्याच आठवड्यात जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला. तेव्हा मला पहिल्यांदा तीच आठवली.

रविवारी जमलं तर लिओनबर्गला उतर. मग पुढे वाइलला जा. तिथे चौकात केप्लरचा पुतळा आहे, त्याचा फोटो पाठव. आणि कातरिनासाठी तिथे काही आहे का, ते कुणाला तरी विचार. थंडी वाढली असेल, कानटोपी घाल.

तुझी,
आई