दाखल्यासाठी २७ दिवस

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी सांगली जिल्ह्यातला, थोडी द्राक्षबाग आहे. रोज सकाळी पेपर वाचतो आणि संध्याकाळी कट्ट्यावर त्याच बातम्यांवरनं जी भांडणं होतात ती पण ऐकतो. एक गट म्हणतो सरकार करतंय ते सगळंच बरोबर, दुसरा म्हणतो सगळं वाटोळं चाललंय, आणि मधलं काय बोलायला गेलं की दोघंही विचारतात, तू नक्की कुणाचा? म्हणून हे पत्र.

जुलै २०२४ ची गोष्ट आहे. पुतणीला इंजिनिअरिंगला घालायची होती आणि त्याच महिन्यात सरकारनं ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी अशा ८ लाखाच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींची फी पूर्ण माफ केली. फार चांगला निर्णय, आमच्यासारख्या घरात यामुळं पोरगी शिकते. पण त्याला उत्पन्नाचा दाखला पाहिजे, आणि नेमके तेव्हाच लाडकी बहीणचे फॉर्म सुरू झालेले. सकाळी साडेआठला नंबर लावला तर आमच्या पुढं साठ-सत्तर बायका, कुणाच्या कडेवर पोर, हातात कॅरीबॅगमध्ये कागदं, आणि आत सर्वर डाऊन. मग तलाठ्याचा अहवाल पाहिजे, तर त्यांच्याकडं तीन सजांचा (सजा म्हणजे एका तलाठ्याची हद्द) चार्ज, आमच्याकडं आठवड्यातनं दोनच दिवस. त्या माणसावर मी राग काढणार नाही, टेबलावर अर्जांचा ढीग एवढा होता की पलीकडं बसलेला माणूस दिसत नव्हता. दाखल्याची मुदत १५ दिवसांची, मिळाला २७ व्या दिवशी, तोवर पोरगी रोज रात्री मोबाईलवर स्टेटस बघून न जेवता झोपायची.

याच रांगेत एक गोष्ट कळली ती सांगायचीय. लाडकी बहीणला पण सुरवातीला उत्पन्नाचा दाखला मागितला होता. गर्दी झाली, बोंबाबोंब झाली, आणि थोड्याच दिवसात सरकारनं सांगितलं की पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर दाखला नको. म्हणजे मनावर घेतलं तर एक कागद आठवड्यात कमी होतो! मग शिकणाऱ्या पोरांसाठी का नाही? केशरी कार्ड मिळतं तेच वर्षाला १ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर, आणि फी माफीची मर्यादा ८ लाख, तर केशरी कार्डवाल्या घराला अजून वेगळा दाखला कशाला लागतो हे कुणीतरी समजावून सांगावं.

आणि कायदा नाही असं पण नाही. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदतीत काम झालं नाही तर त्याच कार्यालयातल्या वरच्या साहेबाकडं अपील करता येतं, मग दुसरं अपील, मग आयोग, आणि कारण नसताना उशीर केला तर ५०० पासून ५००० रुपयांपर्यंत दंड. कुठली सेवा किती दिवसात, ते कार्यालयात बोर्डावर लावायचं असं कायद्यातच आहे. आम्ही गेलो तिथं बोर्ड होता, पण लोखंडी कपाटाच्या मागं, वरची एक ओळ तेवढी दिसत होती. हा कायदा भाजप-सेनेच्या काळात झाला, आणि माहिती अधिकाराचा कायदा महाराष्ट्रात २००२ ला काँग्रेस-राष्ट्रवादीच्या काळात, देशात २००५ ला यूपीएच्या. दोन्ही कायदे आपल्याच कामाचे आहेत, मी दोघांनाही चांगलंच म्हणणार, मग मला कुणी कुणाचाही म्हणो.

दाखला महसूल खात्याचा, जिल्हा परिषदेचा त्याच्याशी थेट संबंध नाही हे मला माहितीय. पण पूर्वी असं काही अडलं की आपल्या गटातल्या सदस्याला फोन लावायचा, तो तहसीलदारांकडं शब्द टाकायचा. सांगली काय आणि सातारा काय, दोन्हीकडं जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ ला संपली आणि नंतर कित्येक वर्ष प्रशासकच, माझा फोन घेणारं कुणी नव्हतंच. ज्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात १९६२ ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या ते आमच्याच जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे, म्हणून हे जास्तच लागतं मनाला. घटनेत पाच वर्षाची मुदत लिहिलेली आहे, ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे, सत्तेत कुणीही असो.

पैशाचं पण बोलतो. वहिनीला लाडकी बहीणचे महिन्याला १५०० रुपये मिळतात आणि पुतणीच्या मेसचा निम्मा खर्च त्यातनं निघतो, त्यामुळं योजना बंद करा असं मी म्हणणार नाही. पण २०२४ च्या विधानसभेला विरोधकांनी ३००० देऊ म्हणून सांगितलं, तेव्हा तलाठ्यांच्या रिकाम्या जागा कधी भरणार हे दोन्ही बाजूंच्या एकाही सभेत मी ऐकलं नाही. बहिणींना पैसे द्या, आणि तीन सजांना तीन माणसं पण द्या.

येत्या जूनला पुतणीला परत दाखला लागणार आहे. त्याच्या आत तो कपाटामागचा बोर्ड काढून दारात लावावा, आणि त्याच्यावर अपील कुणाकडं करायचं ते पद आणि फोन नंबर मोठ्या अक्षरात लिहावा, एवढी आपल्या पेपरमधनं मागणी करतो.

आपला,
एक वाचक, जि. सांगली