वॉरंटीतला गेम कन्सोल ‘हळद सापडली’ म्हणून नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

आत्ताच आपल्या कॉल सेंटरचा फोन ठेवला. तक्रार क्रमांक आपल्याकडे आहे. बिल, वॉरंटी कार्ड, कोल्हापूरच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरची पावती आणि त्यांचा रिपोर्ट यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत, म्हणून मागचं थोडक्यात सांगतो. कन्सोल वॉरंटीत आहे. एप्रिलपासून त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजायला लागला. मग ‘तापमान जास्त झाले आहे’ असा संदेश देऊन तो मध्येच बंद पडू लागला. मे संपता संपता पडद्यावर ठिपके दिसायला लागले आणि आता दिवा लागतो, चित्र येत नाही. मदरबोर्ड बदलायचे २८,५०० रुपये सांगितले आहेत. ते आम्ही का द्यायचे, तर रिपोर्ट म्हणतो: ‘आत पिवळसर पावडर. ग्राहकाच्या हाताळणीमुळे बिघाड. वॉरंटी लागू नाही.’

कन्सोल का तापतो हे मी आपल्याला शिकवायला नको, तो आपणच बनवता. पण रिपोर्ट लिहिणाऱ्याला ते ठाऊक असल्याचं दिसत नाही. खेळताना यंत्र २०० वॅटच्या आसपास वीज घेतं आणि त्या सगळ्या विजेची शेवटी उष्णताच होते. ती चिपवरून थर्मल पेस्टमधून (चिपवर लावलेल्या, उष्णता पुढे नेणाऱ्या लेपातून) हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता शोषणाऱ्या धातूच्या तुकड्याच्या, पात्यांत उतरते आणि पंखा ती बाहेर टाकतो. पात्यांमध्ये धूळ बसली की हवेची वाट अडते, चिप तापते, पंखा जोरात फिरतो, आणि जोरात फिरणारा पंखा आणखी धूळ आत ओढतो. पेस्ट सुकत जाते. बोर्ड पुन्हा पुन्हा तापून गार झाला की सोल्डरचे, म्हणजे डाग देऊन केलेले, जोड तडकू शकतात. यात ग्राहकाची हाताळणी नेमकी कुठे येते, ते रिपोर्टात नाही.

आमच्याकडून काय राहिलं तेवढं सांगा. कन्सोल कपाटात कोंडलेला नाही, उघड्या फळीवर आहे. मागे आणि बाजूंना वीतभर जागा मोकळी, म्हणजे आपल्या पुस्तिकेतल्या १० सेंटिमीटरच्या जवळजवळ दुप्पट. खाली सतरंजी नाही. आईला हौसेने विणलेला रुमाल वर घालायचा होता, तिलाही नाही म्हटलं. दर रविवारी प्लग काढून बाहेरच्या जाळीवरून व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचो. उन्हाळ्यात दुपारी खेळायला बंदी, त्यावरून पुतण्याने माझ्याशी अबोला धरला. लाइट गेली की यंत्र धाडकन बंद पडू नये म्हणून ते इन्व्हर्टरवर घेतलं. एवढी निगा मी माझ्या मोटरसायकलची ठेवत नाही.

आता आजचा फोन. हा आपण स्वतः ऐकावा अशी विनंती आहे. ‘गुणवत्तेसाठी संभाषण रेकॉर्ड केले जाईल’ असं आपणच सुरुवातीला ऐकवता, तेव्हा रेकॉर्डिंग असेलच. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर एक तरुण आवाज आला.

“सर, रिपोर्टनुसार डिव्हाइसमध्ये यलो पावडर आहे. आपण कन्सोल किचनमध्ये वापरता का?”

“नाही. हॉलमध्ये.”

“मग सर, जेवताना गेम खेळता का?”

मी म्हटलं, जेवताना खेळलो तरी आमटी कन्सोलला वाढत नाही.

“ओके सर. मग पावडर कुठून आली असेल?”

मी शांतपणे सांगितलं की मी सांगलीत राहतो, मार्केट यार्डाजवळ. इथे फेब्रुवारीपासून मेपर्यंत हळदीचा हंगाम असतो. पोत्यांचे ढीग लागतात, सौदे होतात, हळकुंडं पॉलिशच्या ड्रममध्ये फिरतात आणि हवेत बारीक पूड असते. ती टीव्हीवर बसते, फ्रिजवर बसते, देव्हाऱ्यातल्या देवांवरही बसते. आमच्या हळदीला २०१८ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं आहे, हे मी का सांगितलं कोण जाणे. रागात माणूस काहीही सांगतो.

पलीकडे टाइप केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “म्हणजे सर, ती हळद आहे हे आपण कन्फर्म करता?”

“मी काहीही कन्फर्म करत नाही. तुम्ही तपासलीत का ती?”

“नोट केलंय, सर.”

“काय नोट केलंय?”

“कस्टमरने हळद असल्याचं मान्य केलं.”

मी त्याला ते खोडायला सांगितलं. सिस्टिममध्ये खोडता येत नाही म्हणाला. वरिष्ठांना जोडून द्या म्हटलं, तर वरिष्ठ मीटिंगमध्ये. शेवटी, “सर, हीटिंगसाठी एक सजेशन देऊ? कन्सोल एसी रूममध्ये ठेवला तर बरं.” आणि वर, “आज मी आपल्याला अजून काही मदत करू शकतो का?” फोन ठेवायच्या आत मेसेज आला: आमच्या सेवेला किती तारे द्याल? पोराशी माझं भांडण नाही. त्याच्यापुढे जो कागद ठेवलाय तो तुमच्या ऑफिसात लिहिलाय.

त्या कागदाबद्दलच बोलू. पुस्तिकेत तुम्ही लिहिता की यंत्र धुळीपासून स्वच्छ ठेवा. धूळ बसते आत, हीटसिंकमध्ये. तिथे पोचायला झाकण काढावं लागतं आणि झाकणाच्या स्क्रूवर तुमचा स्टिकर: फाटला तर वॉरंटी गेली. म्हणजे उघडलं तर वॉरंटी संपली, आणि नाही उघडलं तर धूळ ही आमची हाताळणी! गणपती पेठेतल्या दुरुस्तीवाल्याने एप्रिलमध्येच सांगितलं होतं की आतून साफ करून पेस्ट बदलू, काही शे रुपयांचं काम आहे. स्टिकर दिसल्यावर त्याने स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. तुमच्या कागदाचा मान त्याने राखला, काय राव, तुम्हाला तोही राखता आला नाही. अमेरिकेत २०१८ मध्ये फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या सरकारी संस्थेने असल्याच वॉरंटीच्या अटींवरून सहा कंपन्यांना ताकीद दिली होती, त्यात गेम कन्सोलवाल्याही होत्या. हे तुमच्या कायदा विभागाला माहीत नसेल असं होणार नाही.

शिवाय पुस्तिकेतच वापराचं तापमान ५ ते ३५ अंश दिलंय. सांगलीत एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, हे काही गुपित नाही. मग खोक्यावर मोठ्या अक्षरात छापा: ‘एसी नसलेल्यांनी मार्च ते जून हात लावू नये.’ दुकानात डेमो देताना ही अट कोणी सांगितली नाही. तिथे अर्थात एसी होता.

चूक कुणाचीही होते. या धंद्यात ती मान्य केल्याचं उदाहरणही आहे. एक्सबॉक्स ३६० या कन्सोलवर बिघाडाचे लाल दिवे लागायला लागले, तेव्हा २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या बिघाडाची वॉरंटी तीन वर्षांपर्यंत वाढवली आणि त्यासाठी १०० कोटी डॉलरपेक्षा जास्त रक्कम बाजूला काढली. तुम्हाला माझ्या एका बोर्डासाठी हळद शोधावी लागली. मी तुमचं यंत्र घ्या म्हणून मित्रांना सांगणारा माणूस होतो, त्यातल्या दोघांनी घेतलंही. आता ते मला विचारतात तेव्हा मी विषय बदलतो.

मागणी अशी. बोर्ड वॉरंटीत, एकही रुपया न घेता बदलून द्या. ‘कस्टमरने मान्य केलं’ ही नोंद काढून टाका आणि काढल्याचं लेखी कळवा. ती पावडर हळदच आहे आणि तिच्यामुळेच बोर्ड गेला, असा दावा असेल तर तपासणीचा अहवाल द्या. नुसता रंग बघून निदान करायचं असेल तर सर्व्हिस सेंटर कशाला हवं? आणि हंगामापूर्वी आतून साफसफाई अधिकृतपणे, वाजवी दरात, स्टिकरसकट करून देण्याची सोय कोल्हापुरात करा.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पुरेशा सूचना वा इशारे न देणं हेही त्या कायद्यात उत्पादकाच्या दायित्वात येतं. तारखांना तुम्हाला सांगलीला यावं लागेल. शक्यतो मेमध्ये या.

उत्तर पत्राने किंवा ईमेलने द्या, फोन करू नका.

आपला ग्राहक,
मार्केट यार्ड परिसर, सांगली

ता. क. सर्व्हिस सेंटरने पावतीवर ‘केबलशिवाय’ असं लिहिलंय. पॉवर केबल आणि एचडीएमआय केबल दोन्ही मी काउंटरवर दिल्या होत्या, त्या खोक्याच्या आतल्या फोटोत दिसत आहेत. फोटो जोडला आहे. त्याही परत हव्यात.