मार्चच्या आधी एवढं कर

जळगाव, १४ डिसेंबर

प्रिय जिभाऊ,

सप्रेम नमस्कार. बठ्ठं बरं शे ना? बाबांचा खोकला थांबला का?

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "मार्चअखेर नोकरीतून सुटतो, मग विम्याचं बघू." तेव्हापासून मला चैन नाही. फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून लिहायला बसलो.

माझं काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. ३१ ऑगस्टला कंपनीतून निवृत्त झालो. शाल, श्रीफळ, फोटो, गावी मांड्यांचं जेवण. १६ सप्टेंबरला पहाटे हिच्या छातीत दुखू लागलं. जवळचं हॉस्पिटल गाठलं, अँजिओग्राफीत एक ब्लॉक निघाला. कॅशलेसच्या खिडकीवरच्या मुलाला मेडिक्लेमचं कार्ड दिलं. त्याने नंबर टाकला, पुन्हा टाकला, मग स्क्रीन माझ्याकडे वळवली. आमच्या दोघांच्या नावांपुढे शेवटची तारीख ३१ ऑगस्ट. पीएफ, ग्रॅच्युइटी, सगळ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या होत्या, पण नोकरीबरोबर हे कार्डही संपतं, हे कुणी बोललं नव्हतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

रेशनकार्ड पुढे केलं, तर ते हॉस्पिटल सरकारच्या मोफत उपचारांच्या महात्मा फुले योजनेत नव्हतं. तशा अवस्थेत तिला दुसरीकडे हलवायची माझी छाती झाली नाही. ग्रॅच्युइटीतले १ लाख ९० हजार भरले. ती आता बरी आहे, सकाळी मेहरूण तलावापर्यंत चालत जाते. पण ती रात्र तुझ्या वाट्याला येऊ नये.

भुसावळला रेल्वेत असलेल्या आपल्या मित्रांना निवृत्तीनंतरही रेल्वेचा दवाखाना मिळतो. त्यांच्याकडे बघून आपणही निर्धास्त राहिलो. आपल्या खासगी नोकरीत तसं काही नाही. आणि सत्तरीनंतर मोफत उपचारांसाठी सरकारचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पण ५८ ते ७० ही मधली बारा वर्षं आपली आपल्यालाच सांभाळायची आहेत.

म्हणून नोकरीत असतानाच एचआरला लेखी अर्ज दे. नोकरीतली मेडिक्लेम, म्हणजे ग्रुप पॉलिसी, ज्या विमा कंपनीची आहे, तिच्याच वैयक्तिक पॉलिसीत जायचंय असं स्पष्ट लिही. याला मायग्रेशन म्हणतात. वहिनींना शुगर आहे ना? नवी पॉलिसी कोरी घेतलीस तर आधीपासूनच्या आजाराच्या क्लेमसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. मायग्रेशनने गेलास तर ग्रुपमध्ये झालेली वर्षं त्यातून वजा होतात, मात्र जुन्या रकमेपुरतीच. ग्रुपमध्ये ३ लाख होते आणि आता १० लाखांची घेतलीस, तर वरच्या ७ लाखांना नव्याने थांबावं लागेल. कव्हर कधीपासून होतं, किती रकमेचं होतं, क्लेम कोणते झाले, हे लेखी घे. मी हे सप्टेंबरनंतर शिकलो. तोवर माझी सगळी वर्षं पाण्यात गेली होती. हप्ता बघून दचकू नकोस. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेलाय, तेवढा तरी भार कमी.

दुसरं रेशनकार्ड. आपलं पांढरं आहे म्हणून योजना आपल्यासाठी नाही, असं तू अजून धरून बसला असशील. २०२४ पासून महात्मा फुले योजना सगळ्या रेशनकार्डांना आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाख. पण आधार आणि रेशनकार्डावरचं नाव जुळायला हवं. माझ्याकडे हिचं नाव एकीकडे 'सुमनबाई', दुसरीकडे 'सुमन'. ते नंतर दुरुस्त केलं. तू आत्ताच वहिनींचं बघ. आणि धुळ्यातली कोणती हॉस्पिटलं योजनेत आहेत, तिथे योजनेचं काम बघणारा आरोग्यमित्र कुठे बसतो, हे एकदा स्वतः जाऊन बघून ये. योजनेतल्या हॉस्पिटलात, योजनेत बसणारा आजार असला, तर योजना वापरायची. नाशिकला न्यावं लागलं किंवा जवळचं हॉस्पिटल योजनेत नसलं, तर आपली पॉलिसी. दोन्ही हाताशी हवेत.

बाबांचं वय वंदना कार्ड तर याच आठवड्यात काढ. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना ते आहे, उत्पन्न विचारत नाहीत, आणि तुझ्या मेडिक्लेममध्ये त्यांचं नाव असलं तरी चालतं. वय आधारवरचं धरतात. शेतात राबून त्यांच्या बोटांचे ठसे झिजलेत, मशीन ते घेणार नाही. आधारला मोबाईल जोडलेला असू दे, ओटीपीवर काम होतं.

तुझा धाकटा भाऊ डाळमिलमध्ये आहे ना? त्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापतात का विचार. पाच वर्षं विमेदार राहून तिथूनच वयाने निवृत्त झाला, तर वर्षाला फक्त १२० रुपये भरून त्याला आणि बायकोला ईएसआयचे उपचार पुढेही मिळतात. किती जण हे न कळल्यामुळे सोडून देतात!

पुढच्या रविवारी ये. बामणोदची वांगी आलीत, भरीत करू. येताना रेशनकार्ड, सगळ्यांची आधार आणि कंपनीचं मेडिक्लेम कार्ड आण. एचआरचा अर्ज इथेच बसून लिहू, सोमवारी तू तो देऊन पोच घे.

बाबांना नमस्कार, वहिनींना सांग, ही वाट बघतेय.

तुझा,
अण्णा