एडगर स्ट्रीटवरचा चिखल

कोल्हापूर,
२६ जानेवारी २०२५

प्रिय मन्या,

तुझं पत्र आलं. वहिनींची नोकरी, पोराची शाळा, तिथली थंडी हे सगळं चार ओळींत उरकलंस आणि पुढची दोन पानं फुटबॉल! म्हणजे तब्येत ठणठणीत आहे, काळजी नको. पण शेवटी इंग्लंडच्या त्या बाद फेरीच्या स्पर्धेबद्दल जे लिहिलंयस, 'एफए कपातले बरोबरीनंतरचे फेरसामने बंद केले ते झकास झालं, एका रात्रीत सोक्षमोक्ष', ते काही मला पटेना. आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडची पेनल्टी मीही ताट मांडीवर घेऊन बघितली. दहा जणांनिशी युनायटेड जिंकलं, मजा आली, नाही म्हणत नाही. पण त्याच रविवारी, तुझ्या बर्मिंगहॅमपासून हाकेच्या अंतरावर, टॅमवर्थमध्ये काय झालं ते तू एका ओळीत उडवलंस.

टॅमवर्थ म्हणजे पाचव्या पायरीवरचा संघ. दिवसभर नोकऱ्या करून संध्याकाळी सराव करणारी पोरं. गोलकीपर जस सिंग हा इमारतींचा सर्व्हेअर. त्यांनी टॉटनहॅमला नव्वद मिनिटं शून्यावर रोखलं. मागच्या वर्षापर्यंतचा नियम असता तर शिट्टी वाजल्यावर ती पोरं मैदानात लोळली असती, कारण पुढचा सामना टॉटनहॅमच्या साठ हजारांच्या स्टेडियमवर झाला असता आणि गेटच्या पैशांत वाटा मिळाला असता. एवढ्या पैशावर असा क्लब काही वर्षं निवांत चालतो. एक्सेटर सिटी २००५ साली ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० करून आलं, त्या सामन्याच्या आणि फेरसामन्याच्या पैशावर त्या क्लबने आपलं कर्ज फेडलं. टॅमवर्थला काय मिळालं? आणखी तीस मिनिटं. पायांत गोळे आले, टॉटनहॅमने तीन गोल केले आणि कार्यक्रम आटोपला.

आता तू म्हणशील, अरे, त्याआधीच्या फेरीत हेच टॅमवर्थ बर्टनला पेनल्टीवरच हरवून आलं ना? आलं. मान्य. तरीही मी माझं म्हणणं सोडत नाही, आणि त्यासाठी मला १९७१-७२ चा मोसम काढावा लागतोय. घरी सगळे झोपलेत, मला भरपूर वेळ आहे, तेव्हा चहा ठेव आणि वाच.

त्या वर्षी कप शंभरीत पोचला होता. पहिली स्पर्धा १८७१-७२ ची. अवघे पंधरा संघ, आणि अंतिम सामना लंडनच्या ओव्हलवर, जिथं आपण क्रिकेट बघतो तिथं. शंभर वर्षांनी नियम असा होता की बरोबरी झाली तर दुसऱ्याच्या मैदानावर फेरसामना, तिथंही जादा वेळात सुटलं नाही तर आणखी एक, त्रयस्थ मैदानावर. किती वेळा? निकाल लागेपर्यंत. मर्यादाच नाही.

याची परमावधी तुझ्या दारात झाली. बर्मिंगहॅमच्या दक्षिणेला लोकलने अर्ध्या तासावर अल्वचर्च नावाचं गाव आहे. त्या गावचा हौशी संघ आणि ऑक्सफर्ड सिटी यांची नोव्हेंबर १९७१ मध्ये चौथ्या पात्रता फेरीत गाठ पडली. चौथी पात्रता फेरी म्हणजे खरी स्पर्धा सुरू व्हायच्या आधीचा उंबरठा. हे दोघे सहा सामने खेळले. सहा! एकूण अकरा तास. शेवटचा सामना व्हिला पार्कवर झाला, तू सीझन तिकीट काढून बसतोस त्याच मैदानावर, आणि अल्वचर्चने तो १-० ने काढला. एफए कपात एवढी लांबलेली लढत आधी कधी झाली नव्हती, नंतरही नाही. मग पहिल्या फेरीत जाऊन ऑल्डरशॉटकडून हरले. साहजिकच आहे, पाय राहिले असतील का जागेवर!

त्याच पहिल्या फेरीत बोर्नमथने मार्गेटला ११-० ने धुतलं आणि त्यांतले नऊ गोल एकट्या टेड मॅकडूगलने मारले. ते असो. मला जायचंय हेरफर्डला.

हेरफर्ड युनायटेड तेव्हा सदर्न लीगमध्ये, म्हणजे मुख्य लीगच्या चार विभागांच्याही बाहेर. आधीचा खेळाडू-व्यवस्थापक जॉन चार्ल्स, इटलीतल्या युव्हेंटसचा तो प्रचंड वेल्शमन. तो गेल्यावर कॉलिन ॲडिसन आला, तोही स्वतः खेळणारा. त्यांची वाटचाल बघ. पहिल्या फेरीत किंग्ज लिनशी ०-०, फेरसामन्यात १-०. दुसऱ्या फेरीत नॉर्थम्प्टनशी ०-०, मग २-२, आणि तिसऱ्या खेपेला वेस्ट ब्रॉमच्या हॉथॉर्न्सवर २-१. म्हणजे पहिल्याच दिवशी पेनल्टी घ्यायची पद्धत असती तर हे लोक कदाचित नोव्हेंबरातच घरी बसले असते आणि त्यांचं नावसुद्धा तुझ्या-माझ्या कानावर आलं नसतं.

तिसऱ्या फेरीत जोड लागली ती पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागातल्या न्यूकॅसलशी, तीही न्यूकॅसलच्या घरी. पावसापायी सामना पुढे ढकलला गेला आणि २४ जानेवारीला झाला. सुरू होऊन सतरा सेकंद झाले नाहीत तोच ब्रायन ओवेनने गोल केला. लोक खुर्चीत नीट बसलेसुद्धा नसतील. मग न्यूकॅसलचे दोन झाले, माल्कम मॅकडोनाल्ड आणि जॉन टुडर. आता झालं, असं वाटत असताना ॲडिसनने लांबून फटका मारून २-२ केलं. फेरसामना हेरफर्डला!

इथंच खरी गंमत आहे रे. न्यूकॅसलच्या मैदानावर तू कितीही शूर खेळ, ते त्यांचं घर. पण आता त्या मोठ्या लोकांना तुझ्या गल्लीत यायचंय. आणि गल्ली कशी, तर एडगर स्ट्रीट नावाचं छोटं मैदान, वर आठवडाभर पाऊस. सामना रद्द, पुन्हा रद्द. न्यूकॅसलची मंडळी वूस्टरच्या हॉटेलात अडकून पडली. शेवटी ५ फेब्रुवारीचा शनिवार मिळाला. त्या दिवशी बाकी सगळे चौथी फेरी खेळत होते आणि हे अजून तिसरीच संपवत होते.

चौदा हजारांवर माणूस आत, आणि तिकीट न मिळालेले झाडांवर आणि दिव्यांच्या खांबांवर. ते चित्रीकरण तू शोधून बघच. मैदानात गवत असं नाहीच, चेंडू घरंगळत नाही, थबकत थबकत जातो. पावसाळ्यात शेतात पाय टाकल्यावर बूट जसा मागेच राहतो तशी गत. न्यूकॅसलने संधींवर संधी घालवल्या, गोलकीपर फ्रेड पॉटर आडवा येत राहिला. उजव्या बाजूचा रॉजर ग्रिफिथ्स तर पायाचं हाड मोडलेलं असताना खेळत होता. तेव्हा बदली खेळाडू एकच मिळायचा, त्यामुळे सहजासहजी कोणी बाहेर यायचा नाही. शेवटी ८२ व्या मिनिटाला मॅकडोनाल्डने डोक्याने गोल केलाच. आठ मिनिटं उरलेली. एरवीची गोष्ट इथं संपते.

पण तीन मिनिटांनी रॉनी रॅडफर्डने मधल्या पट्ट्यात पाय घालून चेंडू काढला, ओवेनला दिला, परत घेतला. परत येताना चेंडू त्या चिखलात अवचित उसळला आणि बरोबर त्याच्या पायासमोर उभा राहिला. जवळजवळ तीस यार्डांवरून त्याने जे काही हाणलं, ते थेट वरच्या कोपऱ्यात! हात वर करून तो धावत सुटला आणि मागून पार्का जॅकेट घातलेली शेकडो पोरं मैदानात घुसली. मला गोलपेक्षा ती पोरंच जास्त आवडतात. एकाला धड पळता येत नाहीये, चिखलात पाय रुततायत, पण थांबतोय कोण! रॅडफर्डचा मूळ धंदा सुतारकीचा. फुटबॉल वरकमाई.

मग जादा वेळात रिकी जॉर्जने दुसरा मारला. ग्रिफिथ्सच्या जागी उतरलेला तो एकुलता एक बदली खेळाडू. २-१. पुन्हा पोरं मैदानात. लीगबाहेरच्या संघाने पहिल्या विभागातल्या संघाला हरवण्याची ही १९४९ च्या येओव्हिलनंतरची पहिलीच वेळ. (हा रिकी जॉर्ज पुढे घोड्यांच्या नादाला लागला. त्याचा भागीदारीतला अर्थ समिट हा घोडा १९९८ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकला. एकेकाचं नशीब!) बीबीसीने त्या सामन्याला जॉन मॉटसन नावाचा नवखा समालोचक पाठवला होता, कारण तिथं काही घडेल असं कोणालाच वाटलं नव्हतं. रात्री त्यांच्या फुटबॉलच्या कार्यक्रमात तोच सामना आधी लावला गेला आणि मॉटसनचं आयुष्यच मार्गी लागलं. रॅडफर्ड २०२२ च्या नोव्हेंबरात गेला, मॉटसन त्यानंतरच्या फेब्रुवारीत.

पुढच्या बुधवारी हेरफर्डने वेस्ट हॅमलाही घरी ०-० रोखलं. म्हणजे परत फेरसामना, आता लंडनमध्ये. तेव्हा खाणकामगारांचा संप चालू होता, विजेची टंचाई, प्रकाशझोत लावायची सोय नाही. म्हणून सोमवारी भर दुपारी सामना ठेवला. कामाचा दिवस, तरी चाळीस हजारांवर लोक आले. जेफ हर्स्टने तीन मारले, बिली मेडोजने एक फेडला, ३-१. संपलं. पण बघ, मुख्य फेऱ्यांत हेरफर्डच्या चार लढती झाल्या आणि चारही फेरसामन्यापर्यंत गेल्या. एकही लढत पहिल्या दिवशी सुटली नाही. त्या उन्हाळ्यात मतदान होऊन त्यांना लीगमध्ये घेतलं गेलं, बॅरोला बाहेर काढून. बॅरोवाल्यांनी काय शिव्या घातल्या असतील! त्यांना परत यायला २०२० साल उजाडलं.

आता तुझ्या बाजूनेही बोलतो, नाहीतर म्हणशील एकतर्फी झोडतोय. दमणूक खरी आहे, आणि ती तेव्हाही होती. त्या वर्षी कप लीड्सने जिंकला. ६ मेला वेम्बलीवर मिक जोन्सने बाजूने चेंडू गोलासमोर टाकला आणि ॲलन क्लार्कने सूर मारून डोक्याने आर्सेनलवर एकमेव गोल केला. शेवटी शेवटी जोन्सचा कोपर निखळला. नॉर्मन हंटरच्या आधाराने तो राणीकडून पदक घ्यायला पायऱ्या चढला. आणि लगेच सोमवारी, म्हणजे मध्ये एकच दिवस सोडून, लीड्सला वुल्व्हरहॅम्प्टनला लीगचा शेवटचा सामना खेळायचा होता. बरोबरी केली असती तरी लीग त्यांची होती. २-१ ने हरले आणि लीग गेली ब्रायन क्लफच्या डर्बीकडे, जे त्या रात्री खेळतसुद्धा नव्हते. आजचे मोठे क्लब हेच गाऱ्हाणं घालतात, युरोपचे सामने वाढले, खेळाडू दमतात. खोटं नाही. पण दमणूक कमी करायला पहिल्यांदा कुणाच्या ताटातलं काढलं? ज्याच्या ताटात आधीच कमी होतं त्याच्या. युरोपचे सामने वाढवताना टॅमवर्थला कोणी विचारलं होतं का?

उपांत्य फेरीचं एक सांगायचं राहिलं. आर्सेनल-स्टोक व्हिला पार्कवर. आर्सेनलचा गोलकीपर बॉब विल्सन जखमी झाला आणि त्याच्या जागी गोलात उभा राहिला कोण, तर रॅडफर्ड! हा दुसरा, जॉन रॅडफर्ड, त्यांचा गोल मारणारा गडी. १-१ झालं. फेरसामन्यात विजयाचा गोलही त्याचाच. स्टोकवाले अजून सांगतात की तो ऑफसाइड होता.

आणि स्टोकवाल्यांची फजिती तिथं थांबली नाही. त्या काळात उपांत्य फेरीत हरलेल्यांना तिसऱ्या क्रमांकासाठी खेळवायचे. स्टोक आणि तुमचं बर्मिंगहॅम सिटी ५ ऑगस्टला सेंट अँड्र्यूज मैदानावर भेटले. ०-०. आता या सामन्याला फेरसामना कोण खेळणार? म्हणून पेनल्टी घेतल्या, बर्मिंगहॅमने ४-३ ने जिंकल्या. एफए कपातल्या या पहिल्या पेनल्टी. तुझ्या लाडक्या पद्धतीचा जन्म असा, ज्याच्या निकालाचं कुणाला सोयरसुतक नव्हतं अशा सामन्यात. मुख्य सामन्यांत ती यायला १९९१ उजाडलं. आपल्याकडे शाहू स्टेडियमवर टायब्रेकर लागला की मीही खुर्चीवर उभा राहतो, पण पेठेचा संघ दुसऱ्या पेठेशी खेळतो तेव्हा कुणाला कुणाच्या गावी जायचं नसतं. तिथं ते चालतं.

आता एक काम कर. न्यू स्ट्रीट स्टेशनवरून हेरफर्डला सरळ गाडी आहे, दीड तासाच्या आसपास. जुना क्लब कर्जापायी २०१४ च्या डिसेंबरात कोर्टात बुडाला, पण गावकऱ्यांनी लगेच नवा काढला, हेरफर्ड एफसी, आणि तो त्याच एडगर स्ट्रीटवर खेळतो. स्टेशनपासून चालत जाता येतं. पोराला घेऊन एखाद्या शनिवारी जा. वहिनींना सांग मी पाठवलंय, म्हणजे शिव्या मला बसतील. फोटो पाठव, मैदानाचा, तुझा नको. आणि येताना मला त्यांचा मफलर आण, काळा-पांढरा असेल तर उत्तम. पैसे इथं आल्यावर देतो म्हटलं तर तू हसशील, पण देतो.

वहिनींना नमस्कार, पोराला आशीर्वाद.

तुझा,
सुन्या

ता. क. : पत्राचं उत्तर फोनवर देऊ नकोस. तू फोनवर फार लवकर हार मानतोस, भांडणात मजा येत नाही.