आज्जीचं चिपटं आधी तोलून घ्या

॥ श्री ॥

रेडिंग, इंग्लंड

सौ. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आज्जीच्या पदार्थांची टाइप केलेली पानं पोचली. दोनदा वाचली. बोलणं अगदी तिचंच उतरलंय, आणि अडचणही तिथंच आहे. "दोन चिपटी डाळ, तिला बसेल इतका गूळ, मुठीनं तिखट" हे तुम्हाला-मला कळतं. वही जायची आहे बंगळूर, पुणे आणि दुबईच्या नातवंडांकडे. त्यांनी कुठलं चिपटं घ्यायचं? नणंद म्हटल्यावर चुका काढणारच, तेव्हा राग मानू नका, पण छापायला टाकण्याआधी एवढं करा.

फडताळातलं पितळी चिपटं खाली काढा आणि वजनकाट्यावर ठेवा. चिपटं हे भरायचं माप, तोलायचं नव्हे, आणि ते गावागणिक वेगळं, म्हणून कुठल्या कोष्टकातला आकडा त्याला चिकटवू नका. हरभऱ्याची डाळ, तांदूळ, शाळूचं म्हणजे ज्वारीचं पीठ, चिरलेला गूळ असं एकेक वेगवेगळं भरून तोला. त्याच चिपट्यात पीठ डाळीपेक्षा बरंच हलकं भरतं. शिवाय आज्जी डाळ-तांदूळ शीग लावून मोजायची आणि पीठ मात्र तळहातानं सपाट करून. वहीत हे कुठंच नाही. दोन चिपट्यांच्या दोन शिगा म्हणजे दोन मुठी डाळ जास्त. पुरण अगोड लागायला तेवढं पुरतं. पाण्याचं फुलपात्र आणि तेलाची पळी यांचंही मिलिलिटरमध्ये लिहून ठेवा.

तोवर मी इकडे ग्रॅममध्ये बसवलेलं कळवते. होळी तोंडावर आहे, म्हणून पुरणापासून.

अर्धा किलो हरभऱ्याची डाळ, अडीच लिटर पाणी, साडेचारशे ग्रॅम गूळ. डाळ भिजवायची नाही, धुवून थेट उकळत्या पाण्यात सोडायची. अर्धा चमचा हळद आणि एक चमचा तेल, तेलानं फेस उतू जात नाही. तरी पहिली दहा मिनिटं वरचा फेस झाऱ्यानं काढत राहायचा, नाहीतर येळवणी, म्हणजे डाळ शिजल्यावर गाळून घ्यायचं पाणी, कडवट आणि गढूळ होते. वहीत "कुकरच्या सहा शिट्ट्या" असं आलंय ते कुणाचं? आज्जी पातेल्यातच शिजवायची आणि त्याला कारण होतं. कुकरमध्ये डाळीचा गाळ होतो, येळवणी पिठासारखी दाट होते आणि डाळ पाणी धरून बसते. मग ते पाणी आटवता आटवता गूळ करपतो. पातेल्यात सव्वा तास लागतो. दाणा अख्खा दिसला पाहिजे, पण दोन बोटांत धरल्यावर आत कणी लागता कामा नये. कणी राहिली तर पोळी तिथंच फाटते.

डाळ पूर्ण शिजल्याशिवाय गूळ घालायचा नाही हे वहीत आहे, पण कारण नाही. गूळ पडला की डाळ पुढं मऊ होत नाही; मग कितीही वेळ चुलीवर ठेवा. पाण्याचंही तेच. इथलं पाणी खडूच्या थरातून येतं, किटलीत आठवड्यात पांढरं कवच धरतं, आणि अशा जड पाण्यात डाळ दोन-दोन तास टणक राहते. बंगळूरला बोअरचं पाणी असेल तिथंही हेच होणार. त्यांच्यासाठी एक ओळ घाला: पाणी आधी उकळून, निववून, वरचं निवळ घ्यायचं, किंवा अर्ध्या किलोला चिमूटभर खायचा सोडा. चिमटीपेक्षा जास्त पडला तर साबणाचा वास येतो.

येळवणी गाळून घेतली की साधारण सव्वा लिटर निघते. डाळ चाळणीत पंधरा मिनिटं निथळू द्यायची, इथं घाई केली की पुढं अर्धा तास जातो. मग गूळ घालून मध्यम आचेवर आटवायचं. उलथणं उभं राहिलं की झालं, हे सगळेच सांगतात. पण आज्जी त्याच्या जरा आधीच उतरवायची, उलथणं हळूहळू कलतं त्या वेळी, कारण निवल्यावर पुरण आणखी आळतं. कढईत उभं राहीपर्यंत थांबलात तर सकाळी त्याचा दगड होतो. दहा वेलदोडे, पाव जायफळ, पाव चमचा सुंठ, चिमूटभर मीठ. वाटायचं गरम असतानाच. गार पुरण यंत्रातून उतरत नाही. मग कुणीतरी दुधाचा हात लावतं, आणि ते पुरण संध्याकाळपर्यंत आंबतं.

एवढ्या पुरणाला साडेचारशे ग्रॅम पीठ: तीनशे कणीक, दीडशे मैदा. कणीक वस्त्रगाळ करून घ्यायची, कोंड्याचा एक कणही लाटताना पोळी फाडतो. मीठ, हळद, पावणेतीनशे मिलिलिटर पाणी, आणि चार पोह्याचे चमचे तेल थोडं थोडं मुरवत तिंबायचं. दोन तास झाकून. पुरण साठ ग्रॅम घेतलं तर कणीक पस्तीस, बावीस पोळ्या होतात. पोळी फुटते ती बहुतेक एकाच कारणानं: कणीक आणि पुरण यांचा मऊपणा सारखा नसतो. एका हाताच्या बोटानं कणीक दाबा, दुसऱ्या हाताच्या बोटानं पुरण दाबा; दोन्ही बोटं सारखीच आत गेली पाहिजेत. पुरण घट्ट असेल तर ते मधेच बसून राहतं आणि कडा नुसत्या कणकेच्या होतात. लाटायला तांदळाची पिठी घ्या, गव्हाचं कोरडं पीठ तव्यावर करपतं. कानडी शेजारणी होळगी म्हणून तेलावर थापतात, तीही सुरेख, पण ते पान वेगळं ठेवा. एकाच कृतीत तेल आणि पिठी दोन्ही आलंय, वाचणारा गोंधळेल.

येळवणीच्या आमटीवर मी काही बोलणार नाही. तुमचा हात आज्जीच्या जवळ आहे, माझा नाही. फक्त दोन गोष्टी. कांदा तेलात परतून लिहिलाय. आज्जी तो सालासकट निखाऱ्यात भाजायची, आणि आमटीला जो किंचित धुरकट वास असतो तो त्याचा. गॅसच्या जाळीवर साल काळी होईपर्यंत भाजला तरी जमतं. आणि आमटी गरम असताना पातळच दिसली पाहिजे. निवली की डाळीच्या पिठूळपणानं ती दाट होते. आधीच दाट केली तर दुसऱ्या दिवशी पिठलं खायचं.

भाकरीचं पान मात्र पुन्हा लिहा. "शाळूचं पीठ पाण्यात मळून थापावं" एवढ्यावर कुणालाही भाकरी येणार नाही. शाळूला गव्हासारखा चिकटपणा नसतो, तो उकळत्या पाण्यानं आणावा लागतो. दोनशे ग्रॅम पिठाला साधारण एकशे ऐंशी मिलिलिटर पाणी. पिठात आळं करून निम्म्याहून जास्त पाणी उकळतं ओतायचं, उलथण्यानं कालवून पाच मिनिटं झाकायचं, मग तळहाताच्या टाचेनं रेटून रेटून मळायचं. थापताना कडेला चिरा पडल्या तर मळणं कमी झालंय. मळूनही पडल्या तर पिठाची विरी, म्हणजे धरून राहायचा चिकटपणा, गेलीय. दळून पंधरा दिवसांवर गेलेल्या पिठाला विरी राहत नाही, आणि परदेशातल्या दुकानातलं पीठ तर कित्येक महिन्यांचं असतं. त्यांच्यासाठी सगळंच पाणी उकळतं घ्या आणि पीठ चक्क उकडून काढायला सांगा. तव्यावर टाकल्यावर पाणी लगेच फिरवायचं, वरची बाजू सुकायच्या आत. पाण्याला उशीर झाला की वर भेगा पडतात, आणि भेगेतून वाफ गेली की पापुद्रा सुटत नाही. कडक भाकरीला हेच पीठ, पण लाटून, तीळ लावून, फडक्यानं दाबत दाबत मंद आचेवर वाळवायची. आज्जी नंतर ती चुलीच्या वैलाशेजारी उभी करून ठेवायची. गॅसवाल्यांनी ओव्हन शंभर अंशांवर वीस मिनिटं लावावा.

कारळ्याच्या चटणीत "लाल होईपर्यंत भाजा" असं टाइप झालंय. वहिनी, कारळं मुळात काळं, ते लाल कधी दिसणार? ते कानानं भाजायचं असतं. मंद आचेवर तडतड सुरू होते, वाढते, आणि मग विरळ होत जाते. ती विरळ झाली की लगेच खाली उतरवून परातीत पसरायचं. लोखंडी कढईत तसंच ठेवलं तर कढईच्याच उष्णतेनं करपतं आणि चटणी कडू होते. गूळ घालून तो कडूपणा झाकत नाही. त्याच्याही आधी रेव. पाखडून भागत नाही, पाण्यात घालून वरचं वर काढून घ्यायचं आणि कडकडीत वाळवायचं. दोनशे ग्रॅम कारळं, बारा लसणाच्या पाकळ्या, तीन चहाचे चमचे तिखट, दीड चमचा मीठ, एक चमचा जिरं, सुपारीएवढी चिंच. शेंगा चटणीलाही हेच माप चालतं, अडीचशे ग्रॅम दाण्यांना, चिंच वगळून. ती उखळात आधी लसूण, मीठ, तिखट, आणि शेवटी दाणे अशी कुटायची. मिक्सरमध्ये करणाऱ्यांनी थांबून थांबून फिरवावी. एकसारखी फिरवली की तेल सुटून लगदा होतो.

तिखटाचं पान सगळ्यात महत्त्वाचं, कारण वरच्या निम्म्या पदार्थांत तेच आहे. देठ काढून एक किलो मिरची: सातशे ग्रॅम ब्याडगी, तीनशे ग्रॅम संकेश्वरी. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटपणाला. वहीत नुसतं "मिरची" आहे. पुण्यातल्या कुणी एक किलो लवंगी घातली तर घरात कुणी जेवणार नाही. धने अडीचशे, सुकं खोबरं दोनशे, तीळ शंभर, जिरं पन्नास, मिरे वीस, लवंग, दालचिनी आणि दगडफूल प्रत्येकी दहा, हळकुंड पंचवीस, लसूण दोनशे, कांदा अर्धा किलो, जाडं मीठ दीडशे. आज्जी पंचवीस ग्रॅम खसखसही घालायची, पण दुबईच्या प्रतीतून ती काढा. तिकडे खसखशीला बंदी आहे, कुणी बॅगेतून नेली तर नसती आफत.

मिरची दोन कडक उन्हं दाखवून, हातात मोडल्यावर कट् वाजली पाहिजे. तव्यावर भाजून कडक करायचा शॉर्टकट नको, काळपटपणा येतो. कांदा उभा चिरून एक दिवस उन्हात, मग तेलात कुरकुरीत. तो कुठंही मऊ राहिला की पावसाळ्यात बरणीत बुरशी धरणार, आणि आपल्याकडचा पाऊस तुम्हाला सांगायला नको. म्हणून आज्जी निम्मं तिखट कांद्या-लसणाशिवाय वेगळं काढून ठेवायची. ते लोणच्यालाही चालतं. कांडायचं डंकावरच. पिठाच्या गिरणीत तिखट तापतं आणि रंग उतरतो. घरी आणल्यावर परातीत पसरून पूर्ण निवू द्यायचं, मगच बरणीत, तळाशी हिंगाचे दोन खडे, वर दादरा, म्हणजे तोंडाला बांधायचं फडकं.

मांडे आणि कुंदा वहीत घालू नयेत असं मला वाटतं. मांडे आपल्या घरी कधी झाले नाहीत. उपड्या मडक्यावर हातभर रुंद मांडा टाकणं हे ज्या बायकांचं काम त्या लग्नाच्या मांडवात यायच्या. कुंदा ही दुधाची मिठाई, ती बाजारची. घरच्या वहीत घरचंच असू दे. आणि हो, एप्रिलमध्ये कुणी इकडे आलं तर कुंदा देऊ नका. दुधाचे पदार्थ बॅगेतून ब्रिटनमध्ये आणायला बंदी आहे, विमानतळावर टाकून द्यावा लागेल. तिखट चालतं. एक किलो द्या, दुहेरी पिशवीत.

दादाला आणि मुलांना सांगा, चिपट्याचा फोटो शीग लावून आणि सपाट, दोन्ही काढून पाठवा.

तुमची नणंद

ता. क. शेंगोळ्यांच्या पानावर "एक मूठ तिखट" आहे, ते तुमच्या मुठीनं तोलू नका. आज्जीची मूठ लहान होती, तिला सव्वादोनची बांगडी व्हायची. घरात सव्वादोनची बांगडी कुणाला चढते ते बघा आणि तिच्या मुठीनं तोला.